फरकांक

मिरजेच्या कृष्णातीर महाविद्यालयात तिसऱ्या मजल्यावर पूर्वी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथे आता अध्ययन-प्रयोगशाळा आली होती. परीक्षानळ्यांच्या फडताळांच्या जागी संगणकाचे काचफलक बसले होते, दगडी ओट्यांवर लाकडी फळ्या ठोकून टेबलं केली होती आणि खिडकीजवळच्या एका टेबलामागे मार्गदर्शक अध्यापक शीतल मगदूम बसत. याच ओट्यांवर त्यांनी अकरा वर्षं क्षारांचं पृथक्करण शिकवलं होतं. आता आठ वर्षं त्या काहीच शिकवत नव्हत्या. कुणी काय शिकावं, हे सांगत होत्या.

त्यांच्याकडे चारशे एकतीस विद्यार्थी होते. एका माणसाला एवढ्यांची नावंही लक्षात राहत नाहीत, मग अडचणी कुठून राहणार? म्हणून तीन वर्षांपूर्वी कॉलेजने ‘अध्ययनवेध’ ही प्रणाली घेतली. विद्यार्थी धडे ऑनलाइन पाहत, सराव ऑनलाइन करत. कोण कुठे थांबला, कुठला भाग पुन्हा पाहिला, कुठल्या प्रश्नावर किती सेकंद घालवले, या सगळ्याची मिळून प्रत्येकाची एक अध्ययनरेषा तयार होई. चारशे एकतीस रेषा वाचून अध्ययनवेध दर सोमवारी सकाळी नऊ वाजता वीस नावांची यादी देई. या आठवड्यात या वीस जणांना भेटा. मगदूम मॅडम भेटत. वीस झाले की पुढचा सोमवार येई. सुट्टीत घरी असतानाही सोमवारी नऊला त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जाई.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, दुपारच्या सुमाराला, यादीत नसलेली एक मुलगी दारात उभी राहिली. अंगावर रुग्णालयातल्या मदतनिसांचा निळा झगा होता, त्यावरून ओढणी घेतलेली.

“मॅडम, तेवढी एक सही पाहिजे होती.”

“नाव?”

“अंजुम शिकलगार. दुसरं वर्ष, विज्ञान.”

तिने पुढे केलेला कागद निर्गम-अर्ज होता. दोन वर्षांत ठरलेले विषय पुरे झाले नाहीत, तर पदवीचा नाद सोडून छोटं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय होती. अर्जावर मार्गदर्शकाची सही लागे. मुदत शनिवारपर्यंत होती.

“बस.”

“नाही, उभीच बरी आहे. वीस मिनिटांची सुट्टी टाकून आलेय. नऊ नंबरच्या आजीबाईंची सलाइन संपायच्या आत पोचायला पाहिजे.”

“कुठल्या विषयात अडलीस?”

“जैवसांख्यिकीत. दोनदा बसले, दोनदा गेले.”

“पहिला भाग केला नव्हतास का?”

“पहिला भाग असतो का त्याला?” अंजुमने इतक्या सरळपणे विचारलं की मगदूम मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

“मग हा विषय घेतलासच का?”

अंजुम जराशी हसली. “त्याचे धडे सहा-सहा मिनिटांचे आहेत मॅडम. बाकी विषयांचे चाळीस-चाळीस मिनिटांचे. पेशंटजवळ बसून आवाज बंद करून, खालची अक्षरं वाचत बघते मी. सहा मिनिटं मिळतात मधूनमधून. चाळीस कुठली मिळायला?”

“आणि पुढे काय करायचं होतं तुला?”

“रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये जायचं होतं.”

“त्याला जैवसांख्यिकी लागतच नाही. सूक्ष्मजीवशास्त्र लागतं.”

“त्याचं प्रॅक्टिकल शनिवारी दिवसभर असतं. शनिवारी माझी डबल ड्यूटी.”

“कामाच्या ठिकाणी लॅब असेल तर प्रॅक्टिकल तिथे करता येतं. तुमच्या हॉस्पिटलला लॅब आहे की.”

मुलगी बसली. सलाइनचा विषय निघाला नाही. नंतर ती हळू आवाजात म्हणाली, “हे कुठं लिहिलंय?”

“नियमावलीत. पान त्र्याऐंशी.” मगदूम मॅडमनी निर्गम-अर्ज तिच्याकडे परत सरकवला. “ही सही मी आज करत नाही. विषय बदलायची मुदत गेलीय, पण अकरावा नियम आहे. पहिल्या तीन सत्रांत ज्याची एकदाही मार्गदर्शकाशी भेट झाली नाही, त्याला विषय केव्हाही बदलून मिळतो. आधीचे नापासही पुसले जातात. आपली भेट झालेली नाही.”

“आजच पहिल्यांदा बघतेय तुम्हाला.”

“मग झालं. शनिवारी ये.”

सगळं मिळून आठ मिनिटं लागली. मुलगी गेल्यावर मगदूम मॅडमनी अकराव्या नियमाखाली तिचा अर्ज फलकावर भरला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: ‘नियम ११ लागू होत नाही.’ कारण दिलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा भरला. पुन्हा तेच आलं.

असे नकार रोजचेच होते, त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं होतं. आठ मिनिटांत सुटणारी गाठ होती. मग पावणेदोन वर्षांत, ऐंशीवर सोमवारच्या याद्यांत, हे नाव एकदाही का आलं नाही?

*

शुक्रवारी अर्धी रजा टाकून त्या चालकविरहित बसने कोल्हापूरला गेल्या. अध्ययनवेध एकोणीस कॉलेजांना मिळून होती आणि तिचं सामायिक केंद्र तिथे होतं. केंद्राचे संशोधक इंद्रनील खांबेटे पस्तिशीचे होते. पुण्याहून आलेले, स्वच्छ, नेमकं बोलणारे. त्यांनी मॅडमसाठी ताक मागवलं आणि अंजुम शिकलगारची रेषा फलकावर काढली.

“हिला यादीत घ्यायचं कारणच नाही,” ते म्हणाले.

“दोनदा नापास झालीय. कॉलेज सोडून चाललीय. आणि कारण नाही?”

“मॅडम, यादी कशाची आहे असं तुम्ही समजता?”

“धोक्यात असलेल्यांची.”

खांबेट्यांनी खुर्ची वळवली. हा प्रश्न त्यांना याआधीही आला असावा. “पहिल्या वर्षी तशी होती. मग बदलली. परिपत्रक आलं होतं तुम्हाला.”

“परिपत्रकं रोज येतात.”

“बरं. डॉक्टरचं उदाहरण घ्या. कोण आजारी आहे हे ओळखणं एक. कुणाला औषध लागू पडेल हे ओळखणं वेगळं. औषध थोडंच असेल तर ते कुणाला द्यायचं? सगळ्यात आजारी माणसाला नाही. ज्याला लागू पडेल त्याला. इथे औषध म्हणजे तुमची भेट. आठवड्याला वीस.”

“कधी बावीस होतात.”

“बावीस. आता विद्यार्थी तीन तऱ्हेचे. एक, तुम्ही भेटा न भेटा, पास होणार. दुसरे, भेटलात तर पास, नाहीतर नापास. तिसरे, भेटा न भेटा, नापासच. तुमचा वेळ फक्त दुसऱ्यांवर खर्च व्हायला हवा. म्हणून आम्ही प्रत्येकाचा फरकांक काढतो. भेटीने किती फरक पडेल, शंभरापैकी. सगळ्यात वरच्या फरकांकाचे वीस तुमच्या यादीत येतात. तसं केल्यापासून एकोणीस कॉलेजांचा मिळून निकाल नऊ टक्क्यांनी वाढलाय.”

“आणि तिसरे?”

“यादीबाहेर.”

“पहिल्यांबरोबर.”

“हो. प्रणालीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. भेटीचा उपयोग नाही.”

मगदूम मॅडमनी ताकाचा पेला खाली ठेवला. तीन वर्षं यादीत नाव नाही म्हणजे पोराचं बरं चाललंय, असं त्या धरून चालल्या होत्या. आठवड्याच्या शेवटी तेवढाच एक दिलासा असे, की वीस सोडून बाकीचे चारशे अकरा सुखरूप आहेत.

“हिचा किती?”

“शून्य पूर्णांक चार.”

“काल आठ मिनिटांत तिची अडचण सुटली, खांबेटे.”

“तसं वाटतं. बोलताना प्रत्येक वेळी तसंच वाटतं. नंतर रेषा हलत नाही.” त्यांचा सूर समजावणीचा होता, त्यात कुत्सितपणा नव्हता. “हे माझं मत नाही. ही मुलगी तुटक रेषेची आहे. तीन-चार मिनिटांचे तुकडे, आवाज बंद, वेळ ठरलेली नाही. बहुतेक कामं करून शिकणारे. अशा विद्यार्थ्यांच्या एकट्या तुमच्याच नावावर दोनशे बारा भेटी आहेत. भेटीआधीची रेषा आणि नंतरची रेषा एकावर एक ठेवल्या तर मधून केसही जायचा नाही. इतकं स्वच्छ शून्य मी दुसऱ्या कुठल्याच गटात पाहिलेलं नाही.”

“दोनशे बारा? माझ्या?”

“तुमच्या. त्यात ही मुलगीही आहे. चौदा ऑगस्ट, पंचवीस मिनिटं. म्हणूनच तुमचा अकरावा नियम लागला नाही.”

“तिला मी काल पहिल्यांदा पाहिलं.”

खांबेट्यांनी फलक त्यांच्याकडे वळवला. तारीख होती, वेळ होती, आणि खाली शेरा होता: ‘अडचणी समजून घेतल्या. योग्य ते मार्गदर्शन केले. विद्यार्थिनी समाधानी.’

मगदूम मॅडमनी तो तीनदा वाचला. वाक्यं त्यांचीच होती. ‘योग्य ते’ लिहायची खोड त्यांना वडिलांकडून आली होती.

गेल्या ऑगस्टच्या अखेरीस मूल्यांकन समिती कॉलेजला यायची होती. प्रत्येक विद्यार्थ्याची वर्षातून निदान एक मार्गदर्शन-भेट झालेली असावी, असा समितीचा निकष होता. ज्यांच्या भेटी राहिल्या होत्या, त्यांची यादी प्राचार्यांनी काढली. ती सगळी न येणारी मुलं होती. हॉस्पिटलात, गॅरेजात, हॉटेलात, द्राक्षाच्या शीतगृहात कामाला असलेली. फोन केला तर उचलत नसत, उचलला तर ‘नंतर करतो’ म्हणत. समितीला नऊ दिवस राहिले, तेव्हा शीतल मगदूम, प्राचार्य कोरे आणि आणखी चौघेजण याच प्रयोगशाळेत तीन दिवस बसले. चहा आणि भडंग चालू होतं. एकाने नावं वाचायची, दुसऱ्याने तारखा मागच्या पंधरवड्यात वाटून द्यायच्या, तिसऱ्याने शेरे चिकटवायचे. सगळ्या कॉलेजांत असंच करतात. त्यात कुणाचं वाईट व्हावं असं कुणाच्या मनात नव्हतं. समितीने नोंदींच्या छापील वह्या उघडल्या, तीन पानं उलटली आणि जेवायला गेली. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली.

“ही भेट झालेली नाही,” मगदूम मॅडम म्हणाल्या. “दोनशे बारांतली एकही झालेली नाही.”

खांबेट्यांनी फलक पुन्हा आपल्याकडे वळवला.

“समितीसाठी भरल्या होत्या. आली नव्हती ती पोरं, त्यांच्याच नावावर भरल्या. म्हणून तुम्हाला इतकं स्वच्छ शून्य दिसतंय. न झालेल्या भेटीने कुणाची रेषा हलणार?”

खांबेट्यांनी कपाळ चोळलं. मग ते म्हणाले, “एकट्या तुमच्या कॉलेजचं असतं तर मी मान्य केलं असतं. पण एकोणीस कॉलेजांपैकी अठरांत तुटक रेषेचा फरकांक शून्याच्या आसपास आहे. अठरा ठिकाणचे अठरा स्वतंत्र पुरावे एकच गोष्ट सांगतात.”

“समिती अठराही ठिकाणी जाते.”

“कुठली समिती? सगळ्यांना एकच असते?”

या माणसाने कॉलेजात कधी नोकरी केलेली नाही, हे मॅडमच्या लक्षात आलं. “एकोणिसावं कॉलेज काय सांगतं?”

“ते मी वगळलंय. छोटं आहे, नदीपलीकडचं. आकडे बाकीच्यांशी जुळेनात, तेव्हा अपवाद म्हणून बाजूला काढलं. तशी पद्धत आहे.”

“काढा बघू.”

त्यांनी काढलं. त्या कॉलेजात तुटक रेषेच्या विद्यार्थ्यांचा फरकांक एकसष्ट होता. एकोणीस कॉलेजांतल्या कुठल्याही गटाचा इतका मोठा नव्हता.

“आता समिती तिथे कधी गेली ते बघा.”

ते शोधायला दोन मिनिटं लागली. “गेलीच नाही. पुरामुळे दौरा रद्द झाला. यंदा जाणार आहे.”

त्यापुढे मॅडमना काही सांगावं लागलं नाही. खांबेट्यांनी उरलेल्या अठरा कॉलेजांतल्या समितीच्या तारखा मागवल्या आणि शून्य-परिणामाच्या भेटी त्या तारखांवर मांडल्या. अठरा आलेख एकाखाली एक उभे राहिले. प्रत्येकात समितीच्या आधीच्या पंधरवड्यात एक उंच खांब होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ काही नव्हतं.

“यातल्या तुमच्या अकरा भेटी रविवारी झाल्यात,” ते म्हणाले.

“तारखा वाटणारा दमला असेल.”

“पण मॅडम, प्रणाली नुसत्या जुन्या नोंदींवर चालत नाही. चूक झाली तर कळावी म्हणून दर आठवड्याच्या वीस नावांत एक नाव सोडतीने टाकलेलं असतं. फरकांक कितीही असो. अशी तुटक रेषेची मुलंही तुम्हाला आली असतील. तीही शून्यच निघाली.”

“आली असतील. फोन करते मी. लागत नाही. कामावर असतात. शुक्रवारी वीसपैकी एक बाकी राहिला तर आठवडा बंद होत नाही, प्राचार्यांना लाल खूण जाते. मग ‘झाली’ दाबते.”

“दर वेळी?”

“किती वेळा ते मी मोजलेलं नाही.”

खांबेटे उठले, खिडकीपर्यंत जाऊन आले. “मी यावर परिषदेत निबंध वाचलाय,” ते म्हणाले. “कामकरी विद्यार्थ्यांना समुपदेशनाचा उपयोग होत नाही, असा. दोन विद्यापीठांनी त्यावरून धोरण केलंय. अशा मुलांना सरळ निर्गमाकडे वळवायचं.”

मगदूम मॅडमनी उरलेलं ताक प्यायलं. ते कोमट झालं होतं.

“दुरुस्त कसं करायचं?”

“तुम्ही सहीनिशी लिहून द्यायचं. पण एक लक्षात घ्या. तुमच्या नावावर एकूण दोन हजार नऊशे सत्तर भेटी आहेत. त्यांतल्या कुठल्या खऱ्या, कुठल्या खोट्या, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. तुम्हालाही एकेक आठवणार नाही. एक नाकारली की नोंद करणारा अविश्वसनीय ठरतो. सगळ्या बाद होतील.”

“खऱ्यासुद्धा.”

“खऱ्यासुद्धा. ज्यांच्यामुळे कुणीतरी पास झालं, त्यासुद्धा.”

*

शनिवारी सकाळी प्राचार्य कोरे यांनी त्यांचं निवेदन उभ्यानेच वाचलं आणि मग बसले. त्यांना निवृत्तीला चौदा महिने होते. मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती.

“तुम्ही एकट्या कशाला साधू होताय, मॅडम? बसलो होतो सगळे. भडंग मीच आणलं होतं.”

“माझ्यापुरतंच लिहिलंय, सर. तुमचं नाव नाही.”

“नाव नसलं म्हणून काय झालं? समितीला दोनशे बारा खोट्या सापडल्या की ते तिथे थांबतील? श्रेणी जाईल. श्रेणी गेली की पुढच्या वर्षी प्रवेश निम्मे. मग मार्गदर्शक तरी कुणाला लागणार आहे?” त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “त्या एका मुलीचंच आहे ना? तिचं करू आपण. आजारी होती म्हणून दाखवू. दाखला मी आणतो. विषय बदलून मिळेल. दुपारपर्यंत काम होतं.”

“म्हणजे आणखी एक खोटा कागद.”

“कागदच आहे हो तो. कोण वाचतंय?”

“तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो, सर.” मगदूम मॅडमचा आवाज चढला नाही. रात्रभर झोप नसलेल्या माणसाचा असतो तसा तो सपाट होता. “आजवर आपण जे जे भरलं ते कुणी वाचलं नाही. वह्या भरायच्या, गठ्ठे बांधायचे, माळ्यावर टाकायचे. त्यामुळे खोटं लिहिलं तरी ते तिथंच राहायचं, कुणाला लागायचं नाही. आता वाचणारं आलंय. एकेक ओळ वाचतं आणि एकेक ओळ खरी धरतं. आपल्या कागदांवर इतका विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. पोरं आली नाहीत, एवढंच खरं होतं. आपण लिहिलं, आली आणि उपयोग झाला नाही. त्याने ते शिकून घेतलं.”

कोरे यांनी निवेदन त्यांच्याकडे परत सरकवलं.

“मी अडवत नाही,” ते म्हणाले. “पण माझी सही मागू नका.”

“तुमची लागत नाही, सर. माझीच लागते.”

निवेदन चार ओळींचं होतं. चौदा ऑगस्टची भेट झालेली नाही. सोबतच्या दोनशे अकरा भेटीही झालेल्या नाहीत. आठवडी याद्यांतल्याही काही झालेल्या नाहीत, त्यांची संख्या सांगता येत नाही. नोंदी मी केल्या आहेत. मगदूम मॅडमनी ते फलकावर चढवलं आणि अंगठा ठेवला. फलकाने विचारलं, खात्री आहे का. त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला. मग अंजुम शिकलगारचा अर्ज अकराव्या नियमाखाली तिसऱ्यांदा भरला. या वेळी उत्तर यायला चार मिनिटं लागली.

अंजुम साडेबाराला आली. अर्धा तास कुणाशी तरी अदलाबदल करून आली होती. निर्गम-अर्ज तिने घडी न घालता आणला होता.

“करता का मॅडम सही?”

“केली. दुसऱ्या कागदावर.” त्यांनी मंजूर झालेला विषयबदल तिच्यापुढे ठेवला. “सूक्ष्मजीवशास्त्र. धडे चाळीस मिनिटांचेच आहेत, त्याला माझा इलाज नाही. पण तुकडे पाडून बघता येतात, खूण राहते. ते दोन नापास पुसले गेलेत. प्रॅक्टिकल तुमच्या लॅबमध्ये. तिथल्या मुख्य तंत्रज्ञाचं पत्र आणायचं.”

अंजुमने कागद उलटसुलट पाहिला. “कालपर्यंत होत नव्हतं म्हणे. ऑफिसातले म्हणाले.”

“काल कागदावर आपली एक भेट होती. गेल्या चौदा ऑगस्टला.”

“चौदा ऑगस्टला तर मी ड्यूटीवर होते. दुसऱ्या दिवशी झेंड्याला पेढे वाटायचे म्हणून खोके भरत होतो.” मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहून तिला हळूहळू उलगडलं. “तुम्हाला काही त्रास होणार नाही ना?”

“होईल की.”

“मग कशाला मॅडम, माझ्यासाठी?”

“तुझ्या एकटीसाठी नाही. दोनशे बारा आहेत.”

अंजुमने निर्गम-अर्जाच्या दोन घड्या घातल्या आणि तो झग्याच्या खिशात टाकला. फाडला नाही. “राहू दे जवळ,” ती म्हणाली. “विषय अवघड निघाला तर लागेल.”

“बरोबर आहे,” मगदूम मॅडम म्हणाल्या.

*

सोमवारी सकाळी पावणेनऊला कारणे दाखवा नोटीस आली. सात दिवसांत खुलासा मागितला होता. ती त्यांनी वाचून बाजूला ठेवली. सहकाऱ्यांपैकी दोघे त्यांच्याशी बोलले नाहीत, तिसरा जरा जास्तच बोलला.

नऊ वाजता यादी आली. फलकावर वीस नावं दिसली, मग चाळीस, मग पान खाली सरकत राहिलं. मगदूम मॅडमना वाटलं, काहीतरी बिघडलं. त्यांनी कोल्हापूरला फोन लावला.

“बिघडलेलं नाही,” खांबेटे म्हणाले. त्यांचा आवाज दोन दिवसांत बसला होता. “तुमच्या दोन हजार नऊशे सत्तर नोंदी बाद झाल्या. फरकांक त्यांच्यावरच उभा होता. इतर कॉलेजांतून उसना घेता येतो, पण त्यांच्याही नोंदी मी थांबवल्यात. सतरा प्राचार्यांचे फोन येऊन गेले. एकोणिसाव्या कॉलेजचे आकडे तेवढे शाबूत आहेत, पण एका कॉलेजवरून तुमच्या मुलांचं काही ठरवू देणार नाही मी. पुन्हा तेच व्हायचं.”

“मग ही यादी कशाची?”

“प्रणालीला आता कुणाबद्दलच काही माहीत नाही. आणि माहीत नसेल तर कुणालाही वगळायचं नाही, हा तिचा पहिला नियम आहे. तो तीन वर्षांत कधी वापरायची वेळ आली नव्हती.”

यादीत चारशे एकतीस नावं होती. हजेरीक्रमाने. प्रत्येक नावापुढे फरकांकाच्या रकान्यात एकच मजकूर होता: ‘माहीत नाही’. मगदूम मॅडमनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. आठवड्याला वीस म्हटलं तर साडेएकवीस आठवडे. तोवर त्या या खुर्चीत असतील की नाही, हेही त्याच रकान्यात लिहायला हरकत नव्हती.

त्यांनी पहिला नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली आणि बंद झाली. दुसरा नंबर लावला. पाचव्या घंटीला एका मुलाने उचलला. मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

“मी कॉलेजमधून बोलतेय, मगदूम. तुमची मार्गदर्शक.”

“मॅडम, कामावर आहे आता. नंतर करू का?”

“कामावर म्हणजे कुठे?”

हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा. “एमआयडीसीत. बर्फाच्या कारखान्यात. का हो?”

“जेवायची सुट्टी किती वाजता होते?”

“दीड वाजता. वीसच मिनिटं असते पण.”

मगदूम मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि पर्समध्ये नियमावली टाकली.

“पुरे,” त्या म्हणाल्या. “गेटपाशी ये. मी येते तिकडे.”